हिंगोलीच्या माळावर काळाशी शर्यत

१४ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांनी एक अतिसूक्ष्म थरथर टिपली. तिच्या विश्लेषणाचे निष्कर्ष सप्टेंबर महिन्यात 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या संशोधनपत्रिकेतून जगापुढे आले, तेव्हा सैद्धांतिक भौतिकशास्त्रातील ५४ वर्षे जुन्या एका विधानाला निरीक्षणाचा भक्कम पाया मिळाला. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये कागदावर मांडलेले हे विधान वरवर पाहता साधे आहे. दोन कृष्णविवरे एकत्र आली, तर त्यांच्या पृष्ठभागांचे एकूण क्षेत्रफळ कमी होऊ शकत नाही. ते वाढलेच पाहिजे. ज्या वस्तूतून प्रकाशही बाहेर पडत नाही, तिचे क्षेत्रफळ मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र साधा नव्हता.

पृथ्वीपासून सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर प्रत्येकी सूर्याच्या ३० ते ३५ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती घिरट्या घालत अखेर एकरूप झाली, आणि त्या घटनेने अवकाशकालात उठलेले तरंग पृथ्वीपर्यंत पोहोचले. विलीनीकरणापूर्वी त्या दोघांचे मिळून क्षेत्रफळ होते सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहूनही कमी. विलीनीकरणानंतर उरलेल्या एका कृष्णविवराचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर भरले. दरम्यान या जोडगोळीने काही सूर्यांइतके वस्तुमान तरंगांच्या रूपाने उधळून टाकले होते. वस्तुमान घटले, तरी क्षेत्रफळ वाढले. हॉकिंग यांचे म्हणणे ९९.९९९ टक्के खात्रीने खरे ठरले. २०१५ मधील पहिल्या संकेताच्या आधारे हीच तपासणी २०२१ मध्ये करण्यात आली होती, तेव्हा खात्री ९५ टक्क्यांपर्यंतच जाऊ शकली होती.

क्षेत्रफळाच्या या नियमाला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. उष्णतागतिकीत 'एन्ट्रॉपी' नावाची राशी कधी घटत नाही, आणि कृष्णविवराचे क्षेत्रफळ ही त्याची एन्ट्रॉपीच होय, असे जेकब बेकेन्स्टाइन व हॉकिंग यांच्या कार्यातून पुढे आले. गुरुत्वाकर्षण आणि पुंजयांत्रिकी ही विसाव्या शतकातील भौतिकीची दोन मोठी दालने आजही परस्परांशी नीट जुळत नाहीत. त्यांना जोडणाऱ्या पुलाचे जे थोडे खांब हाती आहेत, त्यांतील हा एक. तो खांब आता मोजून पाहिला गेला आहे.

या बातमीचा महाराष्ट्राशी असलेला संबंध हिंगोली जिल्ह्यातून जातो. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरातील १७४ एकर जागेवर लायगोचे भारतीय भावंड उभे राहायचे आहे. त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या शोधाची घोषणा होऊन अवघे ६ दिवस झाले असताना. २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. पहिला निर्णय ६ दिवसांत आणि दुसरा ७ वर्षांनी. या सात वर्षांची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नाही. पण ती मोजता येते, आणि मोजलीही पाहिजे.

कागदावरचे अर्धे काम

गुरुत्वीय लहरींच्या संशोधनात भारत उपरा नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला संकेत सापडला, त्यामागील सिद्धांताचा आणि गणिताचा मोठा भाग या देशात घडलेला आहे, आणि त्यातला बराचसा पुण्यात.

लहर पृथ्वीवरून जाते तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या नळीची लांबी बदलते ती प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो ते हजार पटींनी लहान अशा अंतराने. याउलट जमिनीची कंपने, आरशांची उष्णता, प्रकाशकणांचा अनियमित मारा यांचा गोंगाट अहोरात्र चालू असतो. आषाढीच्या गर्दीत हरवलेले मूल आईचा आवाज ओळखते, कारण तो आवाज कसा आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असते. संशोधकांचा मार्ग तोच आहे. कृष्णविवरांच्या जोड्यांपासून कोणत्या आकाराची लहर निघेल याचे गणित आधी मांडायचे, अशा हजारो संभाव्य लहरींचे साचे तयार ठेवायचे आणि उपकरणातून आलेल्या नोंदीवर एकेक साचा ठेवून पाहायचा. हे साचे किती असावेत, ते एकमेकांपासून किती अंतरावर निवडावेत, म्हणजे खरी लहर निसटणार नाही आणि गणनही आवाक्यात राहील, याचा पायाभूत विचार पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ पासूनच्या शोधनिबंधांत केला. त्या वेळी लायगोची इमारतही उभी नव्हती.

साच्यांसाठी लागणारे लहरीचे अचूक गणित करणाऱ्यांत बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील बाला अय्यर यांचे नाव फ्रान्समधील ल्युक ब्लांशे, तिबो दामूर आदींच्या बरोबरीने घेतले जाते. त्याहीपूर्वी १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वर यांनी दाखवून दिले होते की, डिवचलेले कृष्णविवर घंटेप्रमाणे निनादते आणि त्या निनादाचा स्वर त्याच्या वस्तुमानावर व फिरण्यावर ठरतो. २०२५ च्या संकेतात हा निनाद पूर्वी कधी नव्हता इतका स्पष्ट मिळाला, आणि त्यावरूनच अखेरच्या कृष्णविवराचे क्षेत्रफळ काढता आले. विश्वेश्वर जानेवारी २०१७ मध्ये निवर्तले. पहिल्या शोधाची वार्ता त्यांच्या हयातीत आली, एवढे समाधान.

आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर यांचेही २० मे २०२५ रोजी निधन झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत, जी लहर दिसेल की नाही याचीच शाश्वती नव्हती, तिच्यावर काम करणाऱ्या तरुणांना जागा मिळाली. अशा जागा आपल्याकडे फार नाहीत.

तेव्हा कागदावरचे अर्धे काम भारताच्या नावावर आहेच. उपकरणाचे अर्धे मात्र जवळजवळ संपूर्णपणे परदेशात झाले. हिंगोलीचा प्रकल्प ही त्या दुसऱ्या अर्ध्याची परीक्षा आहे.

एक कान कमी पडतो तेव्हा

अमेरिकेत दोन, इटलीत पिसाजवळ एक आणि जपानमध्ये कामिओकाच्या डोंगराखाली एक अशा चार वेधशाळा असताना पाचवी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन घटनांच्या तुलनेत मिळते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली. दोन्ही लायगो आणि इटलीतील व्हर्गो त्या वेळी कार्यरत होत्या. तिघांच्या नोंदी एकत्र केल्यावर आकाशातील सुमारे ३० चौरस अंशांचा पट्टा निश्चित झाला. अकरा तासांच्या आत चिलीतील एका लहान दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू दिसला. नंतर जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीनेही त्या टकरीनंतरच्या रेडिओलहरी टिपल्या. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा टकरीत तयार होतात, याचा पुरावा त्या प्रकाशाने दिला. एका संकेताने खगोलशास्त्राची एक नवी शाखाच सुरू झाली.

२५ एप्रिल २०१९ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या आणखी एका टकरीची लहर आली. या वेळी हॅनफर्डचे उपकरण बंद होते, आणि व्हर्गोच्या नोंदीत संकेत अत्यंत क्षीण होता. प्रत्यक्षात एकटी लिव्हिंग्स्टन वेधशाळा ती ऐकत होती. परिणामी शोधायचा टापू ८ हजार चौरस अंशांहून अधिक, म्हणजे संपूर्ण आकाशाच्या सुमारे एकपंचमांश झाला. दुर्बिणी शोधत राहिल्या. काही हाती लागले नाही. टक्कर घडली एवढेच कळले; ती कोणत्या दीर्घिकेत, हे कधीच कळणार नाही.

लहर प्रकाशाच्या वेगाने येते. ती एका वेधशाळेत आधी व दुसरीत नंतर पोहोचते, त्या फरकावरून तिची दिशा ठरते. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांच्यात ३ हजार किलोमीटरचे अंतर. तेथे हा फरक जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांचा. हिंगोली या दोन्हींपासून पृथ्वीच्या पोटातून सरळ रेषेने मोजले तरी १० हजार किलोमीटरहून दूर आहे. तेथे हा फरक ३५ ते ४० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. पाया जितका लांब, तितका कोन अचूक, हे जमीन मोजणारा कोणताही मोजणीदार सांगेल. शिवाय पाच वेधशाळा असल्या की त्यांतील एखाद-दुसरी दुरुस्तीसाठी बंद असतानाही तीन तरी जाग्या राहण्याची शक्यता वाढते. ही बाब दुय्यम वाटते, पण २०१९ ची घटना तिच्याच अभावी हातची गेली.

येथे विश्वाच्या वयाचाही प्रश्न गुंतलेला आहे. विश्व किती वेगाने प्रसरण पावते, हे दर्शविणारा हबल स्थिरांक दोन पद्धतींनी मोजला असता दोन वेगळी उत्तरे येतात. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणावरून प्लँक उपग्रहाने काढलेला आकडा ६७.४, तर जवळच्या ताऱ्यांच्या व अतिनवताऱ्यांच्या आधारे येणारा ७३ च्या आसपास. मोजमापातील चुका कमी होत गेल्या तरी ही तफावत मिटलेली नाही. गुरुत्वीय लहरी ही तिसरी, या दोन्हींपासून स्वतंत्र अशी पट्टी आहे. २०१७ च्या एका टकरीवरून ७० हा आकडा आला. पण त्यातील अनिश्चितता ६२ ते ८२ एवढी रुंद होती. निकाल लागण्यासाठी अशा काही डझन टकरी त्यांच्या दीर्घिकांसह ओळखता यायला हव्यात. २०२५ अखेर अशा टकरींची संख्या आहे १. लहरींचे संकेत सुमारे ३०० झाले, दीर्घिका कळलेली टक्कर मात्र तीच एक.

आरसे, निर्वात नळ्या आणि कावळे

लायगोचे यंत्र तत्त्वतः शाळकरी प्रयोगासारखे आहे. लेसरचा एक किरण दुभंगून काटकोनातील दोन नळ्यांतून पाठवायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही भाग जुळतात का ते पाहायचे. प्रत्यक्षात ते उभारणे ही उपयोजित भौतिकीची कसोटी आहे. प्रत्येक नळी ४ किलोमीटर लांब आणि सुमारे १.२ मीटर व्यासाची. तेवढ्या अंतरात पृथ्वीची वक्रता एक मीटरहून अधिक भरते. त्यामुळे नळी खरोखर सरळ ठेवायची, तर जमिनीच्या पातळीवर विसंबून चालत नाही. आत हवेचा दाब बाहेरच्या एक लक्ष कोट्यंशाइतका ठेवावा लागतो. आरसे ४० किलो वजनाच्या शुद्ध सिलिकाचे, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काचतंतूंवर टांगलेले, चौपदरी लंबकाच्या टोकाला.

मात्र २०१५ मधील यंत्र आणि २०२५ मधील यंत्र यांत खरा फरक पडला तो प्रकाशाच्या हाताळणीमुळे. लेसर म्हणजे प्रकाशकणांचा प्रवाह, आणि ते कण मोजून-मापून येत नाहीत. त्यांच्या अनियमिततेचा गोंगाट हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वातून येतो. म्हणून तो नष्ट करता येत नाही. तो एका बाजूने दाबून दुसऱ्या, निरुपद्रवी बाजूला ढकलता येतो. यालाच 'स्क्वीझ्ड' म्हणजे दाबलेला प्रकाश म्हणतात. २०१९ पासून लायगोत त्याचा नियमित वापर सुरू झाला. २०२३ पासून ३०० मीटर लांबीच्या एका जादा पोकळीच्या साह्याने उच्च कंप्रतेला एका प्रकारे आणि नीच कंप्रतेला दुसऱ्या प्रकारे हा दाब देण्याची सोय झाली. पहिला संकेत आणि २०२५ चा संकेत जवळजवळ सारख्याच अंतरावरून, सारख्याच कृष्णविवरांकडून आलेले. तरी दुसरा तिपटीहून स्पष्ट ऐकू आला. पुंजयांत्रिकी येथे पुस्तकातून उतरून यंत्राचा एक भाग झाली आहे.

ज्या महिन्यात हिंगोलीच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी मिळाली, त्याच एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे ६ हजार कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातील अतिसूक्ष्म मोजमापांचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. दाबलेल्या प्रकाशाचे तंत्र या दोन्ही प्रकल्पांना समान उपयोगी पडणारे आहे. दोन्हीकडचे संशोधक एकमेकांच्या प्रयोगशाळांत सहज जाऊ-येऊ शकतील, अशी रचना झाली तर त्यात वेगळा पैसा घालावा लागणार नाही. आपल्याकडे मात्र दोन खात्यांच्या दोन फायली असल्या की त्यांच्यामधील भिंत आपोआप उभी राहते.

कामाची वाटणी झालेली आहे. निर्वात यंत्रणा गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे, लेसर व प्रकाशीय भाग इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे, बांधकाम अणुऊर्जा विभागाच्या मुंबईस्थित बांधकाम संचालनालयाकडे, आणि संगणन, विदा-विश्लेषण व मनुष्यबळ आयुकाकडे. या संस्था आपापल्या क्षेत्रात अननुभवी नाहीत. मोठे वैज्ञानिक उपकरण देशात, आपल्या रचनेने आणि कमी खर्चात उभारता येते, हे गोविंद स्वरूप यांनी खोडदच्या जीएमआरटीतील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभारून दाखवले आहे. त्या अँटेनांचा पृष्ठभाग पोलादी दोरांवर ताणलेल्या जाळीचा आहे; ही युक्ती येथलीच. मात्र जीएमआरटीत सहन होणारी चूक मिलिमीटरमध्ये मोजता येते, तर लायगोत प्रोटॉनही मोठा ठरतो.

अशा यंत्राला काय काय ऐकू येते, याचे किस्से वेधशाळांत प्रसिद्ध आहेत. हॅनफर्ड येथे २०१७ मध्ये नोंदींत विचित्र ठोके दिसू लागले. शोध घेता द्रवरूप नायट्रोजनच्या नळीवर जमलेल्या बर्फाला तहानलेले डोमकावळे चोची मारत असल्याचे निष्पन्न झाले. नळीवर आवरण घालून प्रश्न सोडवावा लागला. लिव्हिंग्स्टन वेधशाळेला सुरुवातीच्या काळात आसपासची लाकूडतोड आणि आगगाड्या यांनी दिवसा काम करू दिले नव्हते.

हिंगोलीची निवड जमिनीची शांतता पाहूनच झाली आहे. किनाऱ्यापासून आणि महानगरांपासून दूर असलेले दख्खनच्या काळ्या पाषाणाचे पठार, विरळ वाहतूक, मोठ्या उद्योगांचा अभाव. तथापि २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप नोंदले गेले. असे धक्के यंत्राला कायमची इजा करतातच असे नाही. दूरच्या मोठ्या भूकंपानेही लायगोचे आरसे डळमळतात, आणि काही तासांत पुन्हा जागेवर आणता येतात. जपानची काग्रा वेधशाळा मात्र १ जानेवारी २०२४ च्या नोतो द्वीपकल्पातील भूकंपाने नादुरुस्त होऊन दीर्घकाळ बंद पडली. त्यामुळे या परिसरातील भूकंपांचा बारकाईने आणि सातत्याने अभ्यास करणे, त्याच्या नोंदी लोकांपुढे ठेवणे, हा प्रकल्पाचाच भाग मानला पाहिजे. मराठवाड्याने १९९३ चा लातूरचा भूकंप पाहिलेला आहे. येथे जमिनीखालच्या हालचालींविषयी बोलताना हातचे राखून चालणार नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा उद्योगांच्या बाबतीत मागासच राहिला. अशा जिल्ह्यात हजारो कोटींचा प्रकल्प येतो म्हटल्यावर रस्ते, कारखाने, पर्यटन यांची अपेक्षा निर्माण होणे साहजिक आहे. यंत्राला हवी आहे नेमकी उलट गोष्ट: अवजड वाहने, खाणीतील सुरुंग, दगड फोडण्याची यंत्रे यांपासून दूर असलेला परिसर. वेधशाळा चालू होईल तेव्हा त्या शांततेची किंमत आसपासची गावे मोजणार आहेत. त्यांना बदल्यात काय मिळणार, याचे उत्तर शाळा-महाविद्यालयांसाठी विज्ञानकेंद्र एवढ्यावर थांबू नये. निर्वात यंत्रणा, वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स यांचे उच्च दर्जाचे कुशल काम येथे वर्षानुवर्षे लागणार आहे. त्यासाठीचे तंत्रज्ञ नांदेड-परभणी-हिंगोलीच्या तंत्रनिकेतनांतून घडवायचे, की बाहेरून आणायचे, हे आताच ठरवावे लागेल. तामिळनाडूतील न्यूट्रिनो वेधशाळेचा अनुभव ताजा आहे. २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळूनही स्थानिक विरोधामुळे थेनी जिल्ह्यातील तो प्रकल्प अडला, आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात त्याला असलेला विरोध स्पष्ट केला. विज्ञानाच्या बाजूने तो प्रकल्प कमकुवत नव्हता.

खिडकी किती काळ उघडी?

हे यंत्र भारताला मिळाले, तेही एका योगायोगाने. हॅनफर्ड येथे एकाच इमारतीत दोन उपकरणे बसविण्याचा मूळ बेत होता. तिसरा संच जगाच्या दुसऱ्या टोकाला नेला तर अधिक उपयोगी पडेल, हे लक्षात आल्यावर प्रथम ऑस्ट्रेलियाला विचारण्यात आले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाने पैशाअभावी असमर्थता दर्शविली. २००९ मध्ये एकत्र आलेल्या भारतीय संशोधकांच्या 'इंडिगो' या गटाने ती संधी साधली. अमेरिकेने संचाचे सुटे भाग हॅनफर्ड येथे खोक्यांत जपून ठेवले. ३१ मार्च २०१६ रोजी दोन्ही देशांत सामंजस्य करार झाला. ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीहून पायाभरणी केली. काम पूर्ण करण्याचे जाहीर उद्दिष्ट आहे २०३०.

उद्दिष्ट गाठले, तरी यंत्र बसविणे वेगळे आणि ते अपेक्षित क्षमतेला आणणे वेगळे. प्रगत लायगोची उपकरणे २०१५ मध्ये चालू झाली आणि त्यानंतरची दहा वर्षे ती सुधारत राहिली. व्हर्गो आणि काग्रा यांनाही ठरलेली संवेदनशीलता गाठताना वर्षानुवर्षे झगडावे लागले आहे. हिंगोलीला ही वर्षे लागणारच. त्यातच २०१० च्या दशकात तयार होऊन खोक्यांत पडलेले भाग तसेच बसवून भागणार नाही. दाबलेल्या प्रकाशाची यंत्रणा, आरशांवरील सुधारित थर या गोष्टी आता नव्याने जोडाव्या लागतील, आणि ते काम मुख्यतः येथेच व्हायचे आहे.

दरम्यान जग थांबलेले नाही. युरोपात १० किलोमीटर भुजांच्या, जमिनीखालच्या 'आइन्स्टाइन टेलिस्कोप'साठी जागेची स्पर्धा चालू आहे. अमेरिकेत ४० किलोमीटर भुजांच्या 'कॉस्मिक एक्सप्लोरर'चे आराखडे झाले आहेत. युरोपीय अवकाश संस्थेने 'लिसा' ही अवकाशातील वेधशाळा जानेवारी २०२४ मध्ये मंजूर केली असून तिचे प्रक्षेपण २०३५ मध्ये अपेक्षित आहे. हे प्रकल्प प्रत्यक्षात यायला पुढील दशकाचा उत्तरार्ध उजाडेल. तोपर्यंत हिंगोलीचे यंत्र जगातील सर्वाधिक उपयुक्त यंत्रांपैकी एक असेल. त्यानंतर ते उपयोगी राहील, पण आघाडीवर नसेल. २०३१ मध्ये चालू झालेली वेधशाळा आणि २०३७ मध्ये चालू झालेली वेधशाळा यांत केवळ सहा वर्षांचे अंतर नाही. या दोन वेधशाळा वेगवेगळ्या काळातील ठरतील.

आणि अमेरिकेतील जोडीदार तोवर टिकले पाहिजेत. २०२५ मध्ये तेथील प्रशासनाने २०२६ च्या अर्थसंकल्पासाठी मांडलेल्या प्रस्तावात लायगोचा निधी ४ कोटी ८० लाख डॉलरवरून २ कोटी ९० लाख डॉलरवर आणण्याचे आणि दोनपैकी एक वेधशाळा बंद करण्याचे सुचविले होते. ज्या वर्षी हॉकिंग यांचे विधान सिद्ध झाले, त्याच वर्षीची ही गोष्ट. एकच वेधशाळा उरली तर काय होते, ते २५ एप्रिल २०१९ रोजी दिसलेच होते. शास्त्रज्ञांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला. मात्र लायगोचे भवितव्य दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून आहे, ही गोष्ट या निमित्ताने उघड झाली. हिंगोलीची वेधशाळा वेळेवर उभी राहिली असती, तर अशा प्रस्तावाविरुद्ध एक युक्तिवाद अधिक हाती असता: भागीदार देशाने आपला वाटा उचलला आहे, आता तुम्ही मागे हटू नका.

माणसांचा प्रश्न या सर्वांहून तातडीचा आहे. सिद्धांत आणि विदा-विश्लेषण यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. लेसर, निर्वात, कंपनरोधक यंत्रणा यांवर हात काळे करणारे थोडे. २०१६ मध्ये जे विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात होते, ते हिंगोलीच्या आशेने उपकरणांकडे वळले. आता ते पस्तिशीच्या आसपास आले आहेत. त्यांतील ज्यांनी हॅनफर्ड, लिव्हिंग्स्टन, ग्लासगो वा हॅनोव्हर येथील प्रयोगशाळांत हात बसवला, त्यांना परत येण्यासाठी येथे कायम पदे आणि चालू यंत्र, दोन्ही हवे. पदे यंत्रासाठी थांबली आणि यंत्र पदांसाठी, तर २०३० मध्ये माळावर इमारत असेल आणि आरसे टांगणारे हात दुसऱ्या देशात असतील. आयुका आणि अन्य भागीदार संस्थांनी मागितलेली पदे कोणत्या वर्षी, किती भरली जातात, यावर पुढील दोन-तीन वर्षांत लक्ष ठेवावे लागेल. पायाभरणीच्या कोनशिलेपेक्षा प्रकल्पाची गती त्या आकड्यांवरून अधिक कळेल.